आमच्या वाड्यापर्यंतची वायर

यंदा आम्ही घरचं इंटरनेट बदललं. तेव्हापासून गावातली माणसं, नातेवाईक, माझ्या विद्यार्थ्यांचे पालक, सगळे एकच विचारतात: "कुठल्या कंपनीचं घेतलंस?" कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते तुमच्या कामाचं नाही. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याला आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, जी लाइन सुरळीत चालते, तीच दोन गावं सोडून म्हार्दोळला कुणाच्या घरी दिवसाआड बंद पडत असेल. खेड्यात नेट निवडायचं म्हणजे आपल्या घरापर्यंत येणारा शेवटचा किलोमीटर निवडायचा. वायर कुठून येते, कशावरून येते आणि तुटली तर जोडायला कोण येतो, या तीन गोष्टींची चौकशी केली की जाहिराती वाचायची फारशी गरज उरत नाही.

मी हार्मोनियम शिकवते. काही मुलं घरी येतात, पण बरेच विद्यार्थी परदेशात आहेत. सकाळी सातला न्यू जर्सीची एक मुलगी असते, तिच्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. संध्याकाळी साडेसहाला शारजाची दोन भावंडं, त्यांचे पाच वाजलेले. दिवसभर शाळा करून ही मुलं पेटीपुढे बसतात आणि त्यांच्या आया शेजारी वही घेऊन बसतात. त्यांचा तो तास नेटमुळे वाया जावा, हे मला सहन होत नाही. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, त्याचं त्याचं डाउनलोडिंग चालू असतं. सासूबाई रात्री कीर्तनं आणि जुनी संगीत नाटकं बघतात. पण घरात नेट कुठलं हवं ते माझ्या तासावरून ठरतं, आणि हे घरात सगळ्यांना मान्य आहे.

आता या तासाला काय लागतं ते सांगते, कारण कंपन्यांच्या जाहिराती नेमकं तेच सांगत नाहीत. जाहिरातीत आकडा असतो वेगाचा. १००, २००, ३०० एमबीपीएस. चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ कॉलला जाताना-येताना तीन-चार एमबीपीएस पुष्कळ होतात. सरकारच्या व्याख्येत तर २ एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड. २०२३ च्या जानेवारीत ही मर्यादा ५१२ केबीपीएसवरून तिथे आणली. म्हणजे सगळ्यात स्वस्त ३० एमबीपीएसच्या प्लॅनमध्येसुद्धा माझा तास आरामात बसतो. तरीही सूर तुटतात. का तुटतात, हे समजून घ्यायला मी मुलाला कित्येक रात्री जागं ठेवलं.

आवाज नेटवरून सलग जात नाही, त्याचे बारीक तुकडे होऊन जातात. तुकडे एका लयीत पोचले तर पलीकडे सलग सूर ऐकू येतो. काही उशिरा आले, काही हरवले, की समोरच्या मुलीला माझा मध्यम थरथरल्यासारखा ऐकू येतो आणि ती तोच थरथरता मध्यम शिकते. बोलताना अर्धं अक्षर गळलं तरी माणूस अर्थ लावतो. सुरात ती सोय नाही. म्हणून लाइन बघताना वेगाच्या आधी मी पिंग, म्हणजे एक बारीक संदेश पलीकडे जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात तो आकडा, किती स्थिर आहे ते बघते. पिंग सत्तर असला तरी चालेल, पण तो सत्तरच राहायला हवा. कधी वीस, कधी तीनशे, असं झालं की तास गेलाच.

दुसरीही एक गोष्ट पालकांना मी सुरुवातीलाच सांगते. गुरू आणि शिष्य एकत्र वाजवतील असं नेटवर होणार नाही, कितीही महाग प्लॅन घ्या. दोन वादकांना एकमेकांचा आवाज साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा उशिरा पोचला की लय सुटते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गोव्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे नुसतं जायलाच साठ मिलिसेकंदांच्या पुढे लागतात, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. म्हणून मी वाजवते, थांबते, मग ती वाजवते. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करायला मात्र विसरू नका. नाहीतर पेटीचा किंवा तानपुऱ्याचा लांबलेला सूर म्हणजे पंख्याचा आवाज असं समजून ते ॲप तो दाबून टाकतं. संगीत शिकवणाऱ्या सगळ्यांना हे माहीत व्हावं असं मला फार वाटतं. किती शिक्षक नेटला दोष देतात आणि दोष त्या एका बटणाचा असतो.

आता वायर. आमच्याकडे आधी जी लाइन होती तिला सगळे "फायबर", म्हणजे काचेच्या तंतूची, म्हणायचे. फायबर होती, पण रस्त्यावरच्या खांबापर्यंत. तिथे एक डबा, डब्यात प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं छोटं यंत्र, आणि तिथून कुळागरातून, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतून, आमच्या घरापर्यंत साधी तांब्याची लॅनची वायर. गावात पुष्कळ घरांना अशीच जोडणी असते आणि बाहेरून बघून ती ओळखू येत नाही. फरक कळतो तो मे महिन्याच्या शेवटी. मिरगाच्या आधीचा गडगडाट सुरू झाला की त्या तांब्यातून विजेचा झटका आत यायचा आणि राउटर जळायचा. काचेचा तंतू वीज वाहत नाही, त्यामुळे त्या वाटेने हा धोका नाही. अर्थात ॲडॅप्टर भिंतीच्या प्लगमध्ये असतोच, तेव्हा गडगडताना तो काढून ठेवायची सवय आम्ही सोडलेली नाही.

खांबावरच्या त्या डब्याची दुसरी अडचण अशी की त्याला करंट लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते, माड पडतो, तार तुटते, हे ठरलेलंच आहे. घरी इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप चालतो, राउटर चालतो, पण खांबावरचा डबा बंद, म्हणून नेट बंद. थेट घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये वाटेवर जो स्प्लिटर असतो त्याला वीजच लागत नाही, तो नुसता प्रकाश वाटून देतो. एका टोकाला ऑपरेटरचं यंत्र, दुसऱ्या टोकाला आपल्या घरातला डबा. ऑपरेटरकडे चांगली बॅटरी असली आणि आपल्याकडे इन्व्हर्टर किंवा राउटरला लावायचा छोटा यूपीएस असला, की अख्खं गाव अंधारात असतानाही तास होतो. म्हणून माझा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच होता: फायबर घराच्या भिंतीपर्यंत की खांबापर्यंत? आणि लगेच दुसरा: तुमच्या यंत्राला बॅकअप किती तासांचा?

या दोन प्रश्नांवरच अर्धे पर्याय गळले. एका मोठ्या खाजगी कंपनीची फायबर मुख्य रस्त्याने गेली आहे, आमच्या वाड्यावर उतरत नाही. त्यांच्या फोनवरच्या मुलीने पिनकोड विचारला, "सेवा उपलब्ध आहे" म्हणाली. पाहणीला आलेल्या माणसाने पोफळींकडे पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. त्या माणसाचा मला राग आला नाही. खोटी आशा दाखवून वायर अर्ध्यात सोडण्यापेक्षा ते बरं. पिनकोडवर मात्र विश्वास ठेवू नका. आपल्याकडे एका पिनकोडात डोंगर येतो, शेत येतं, कुळागर येतं आणि बाजारही येतो.

फाइव्ह-जीवर चालणारा बिनतारी पर्यायही बघितला. छपरावर एक डबा बसवतात, वायर ओढावी लागत नाही. बाजाराच्या गावात, उघड्यावर, टॉवर समोर दिसत असेल तर तो चांगला आहे, माझी मावसबहीण वापरते आणि खूश आहे. आमचं घर मात्र खोलगट भागात, चहूबाजूंनी माड-पोफळी. ओल्या पानांतून तो सिग्नल नीट येत नाही. शिवाय असल्या जोडणीत अपलोड डाउनलोडच्या मानाने बरंच कमी असतं, आणि मला तर पाठवायचं जास्त असतं.

राहिले दोघे. एक जण एका कंपनीचा स्थानिक भागीदार, दुसरा आपल्याच नावाने नेट देणारा केबलवाला. इथे एक सांगते. कंपनी सरकारी असो की खाजगी, खेड्यात शेवटची वायर पुष्कळदा स्थानिक माणसाचीच असते. बीएसएनएलची फायबरसुद्धा बऱ्याच गावांत अशा भागीदारांमार्फतच घराघरांत जाते. बिलावर नाव मोठं असतं, शिडी घेऊन येणारा मात्र शेजारच्या वाड्यावरचा मुलगा असतो. म्हणून बिलावरच्या नावापेक्षा त्या मुलाची चौकशी करा.

मी केली. दोघांच्याही लाइनी ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याकडे जाऊन बसले. दुपारी नव्हे, रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला, सगळं गाव मोबाइल घेऊन बसतं तेव्हा. सोप्यावर बसून चहा घेत मुलाच्या लॅपटॉपवर पिंग लावून ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. एका घरी आकडे शांत होते. दुसऱ्या घरी नऊ वाजले की चढायला लागायचे. मुलाने मला समजावलं की स्प्लिटरच्या एका लाइनवर जवळपास अडीच गिगाबिट खाली आणि सव्वा गिगाबिट वर एवढी जागा असते, आणि ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली तरी सहसा कमी पडत नाही. रात्री जी कोंडी होते ती बहुधा पुढे, ऑपरेटरने मुंबईच्या दिशेने किती क्षमता विकत घेतली आहे तिथे. गावात वेग देऊन उपयोग नाही, फोंड्याच्या पुढची वाट अरुंद असेल तर सगळं तिथेच अडतं. म्हणून तिसरा प्रश्न: तुमची वरची लाइन कुणाची, आणि ती तुटली तर दुसरी आहे का? रस्त्याचं काम निघालं की जेसीबी केबल उखडतो हे आपण सगळे बघतोच. ज्याच्याकडे दोन वाटा आहेत तो तासाभरात उभा राहतो.

चौथा प्रश्न खांबांचा. आपल्याकडे नेटच्या बहुतेक वायरी वीज खात्याच्या खांबांवरून ओढलेल्या असतात. परवानगी आणि भाडं यांवरून हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला होता. वीज खात्याची बाजू मला पटते. लाइनमन खांबावर चढतो तेव्हा त्या गुंडाळ्यांतून वाट काढताना त्याचा जीव धोक्यात असतो. पण ग्राहक म्हणून मला माहीत हवं की माझी वायर रीतसर आहे की नाही. मी दोघांनाही सरळ विचारलं, "खांबांचं भाडं भरता का?" एकाने विषय बदलला. दुसऱ्याने सांगितलं, "भरतो बाय, आणि तुमच्या वाड्यात खांबावरनं येणारच नाही. कुळागराच्या कडेने पाइपातनं आणतो, माकडं तार ओढतात आणि झावळ पडली तर तुटते." ज्या माणसाने माकडांचा विचार केला आहे त्याला आमचा वाडा ठाऊक आहे. मी तिथेच ठरवलं.

पैशांचं फार लांबवत नाही. जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे ४९९ चा प्लॅन हातात ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो. "अनलिमिटेड" लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. आमच्या घराला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही, तेव्हा त्याची काळजी नको. सिनेमे-मालिकांच्या ॲपांसाठी वरचा प्लॅन घ्यावा असं मला वाटत नाही. एकच गोष्ट ठासून सांगते: वर्षभराचे पैसे आगाऊ देऊ नका, निदान एक पावसाळा बघेपर्यंत. वर्षाच्या प्लॅनवर एक-दोन महिने फुकट मिळतात हे खरं, पण फेब्रुवारीत सगळ्यांचीच लाइन उत्तम चालते. आम्ही महिन्या-महिन्याने भरलं, आषाढ-श्रावण बघितला, आणि चवथीनंतर सहा महिन्यांचं घेतलं.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा. वायर आत आली की तंत्रज्ञ एक छोटं मीटर लावून प्रकाश किती पोचतो ते मोजतो. त्याला विचारा, "पॉवर किती आली?" उणे अठरा, उणे वीस, बावीस डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आली तर छान. उणे सत्तावीसच्या आसपास असेल तर तेव्हा नेट चालेल, पण पावसात जोड जरा ओला झाला की डब्यावरचा लाल दिवा लागेल. आमच्याकडे पहिल्यांदा उणे पंचवीस आली. मी त्या मुलाला म्हटलं, "बाबा, आता परत रस्त्यावरच्या खांबावर चढायला लावते आहे याचं मला वाईट वाटतं, पण जून महिन्यात भर पावसात चढण्यापेक्षा आज चढ." त्याने जोड नव्याने केला, उणे एकोणीस आली. त्याला सासूबाईंनी जेवूनच पाठवलं. तो आकडा मी डायरीत लिहून ठेवला आहे, पुढे कधी बिघाड झाला तर तुलना करायला.

आणि घरातल्या भिंती. आमचं घर जुनं चौकीचं, चिऱ्याच्या जाड भिंती, मध्ये राजांगण. वायफाय असल्या भिंतींपुढे थकतं, त्यातही पाच गिगाहर्ट्झचं जास्तच. २.४ चं जरा लांब पोचतं पण वेग कमी. पुष्कळ लोक आतल्या खोलीत नेट येत नाही म्हणून दुप्पट वेगाचा प्लॅन घेतात, आणि आतल्या खोलीत पहिल्यासारखंच राहतं. ते पैसे वायरीवर घाला. डबा बसलाय ओसरीवर. तिथून माझ्या शिकवायच्या खोलीपर्यंत छपराच्या वाशाला लावून कॅट-सिक्सची वायर नेली आणि ती थेट लॅपटॉपला जोडली. ही वायर शंभर मीटरपर्यंत बिनबोभाट चालते, एवढं मोठं घर कुणाचंच नसतं. नवीन लॅपटॉपला तिचं भोक नसतं, त्यासाठी छोटा ॲडॅप्टर मिळतो. माझ्या तासांमध्ये सगळ्यात जास्त फरक पडला तो या वायरीने.

लँडलाइनचा प्रश्न निघाला तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. ०८३२ लावून तो नंबर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना पाठ आहे, मंगेशीच्या त्यांच्या बहिणीला तर दुसरा नंबर माहीतच नाही. मोबाइलचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो, तशी सोय आपल्याकडे लँडलाइनला नाही. कंपनी तीच ठेवून तांब्यावरून फायबरवर गेलात तर नंबर राखता येतो, दुसऱ्या कंपनीत जाताना तो सोडावा लागतो. म्हणून नेट नवं घेतलं आणि जुना फोन नुसता फोन म्हणून ठेवला. महिन्याला थोडे पैसे जास्त जातात. जाऊ देत. ऐंशीच्या पुढच्या माणसाला आपल्या बहिणीचा फोन यायलाच हवा.

तक्रारीचं एक. शिडीवाल्या मुलाचा नंबर जवळ असणं चांगलंच, त्याला फोन करा, पण त्याच वेळी कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंद करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. व्हॉट्सॲपवर "फाल्यां येतां" (उद्या येतो) असं उत्तर आलं म्हणजे तक्रार नोंदली गेली असं होत नाही. डॉकेट नंबर असला की उत्तर न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि ती व्यवस्था ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे. पुष्कळ लोक थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, लिहितात. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. हे मी आमच्या देवस्थानच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा पुन्हा लिहिते, कारण गावातली वयस्क माणसं मुकाट्याने बंद लाइनचे पैसे भरत राहतात आणि कुणाला विचारायलाही संकोचतात.

जुनी लाइन बंद करताना डबा आणि ॲडॅप्टर दोन्ही परत करून सही-शिक्क्याची पावती घ्या, डब्यामागचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. अनामत दिली असेल तर ती परत मागा. बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, तारीख घाला, आणि बँकेत दर महिन्याला आपोआप पैसे जाण्याची सोय केली असेल तर ती स्वतः रद्द करा. नवी लाइन किमान आठवडाभर चालल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका, त्या दिवसांचं दुहेरी भाडं परवडतं. कुणाला आपल्या वाड्यासाठी काही विचारायचं असेल तर सोमवार सोडून कुठल्याही दुपारी घरी या. लॅपटॉप घेऊन आलात तर पिंग कसा लावायचा तेही दाखवीन.